आटे बसले म्हणजे जमलं असं नसतं रे

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारा तिशीतला, नाशिकचा. सहा जणांचा जुना ट्रेकिंगचा ग्रुप आहे. जर्मनीत नोकरीला असलेल्या भावाने तळहातावर मावेल एवढासा कॅम्पिंग स्टोव्ह आणून दिला. विमानात गॅसचा डबा आणता येत नाही, त्यामुळे आला तो नुसता स्टोव्ह, खालच्या बाजूला आटे असलेला. इथे दुकानात सहज मिळतो तो उंच, हेअरस्प्रेच्या बाटलीसारखा डबा, आणि त्याचं तोंड वेगळं. म्हणून ऑनलाइन अडॅप्टर शोधले, तर दहा प्रकार दिसले, त्यातले दोन मागवले. एक बसतो पण हलतो, दुसरा कशासाठी आहे तेच कळलं नाही. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, "तो दुसरा अडॅप्टर रिफिलचा आहे, घरच्या सिलिंडरमधून डबे भरू, मी दोन वर्षं भरतोय, काही होत नाही." डिसेंबरात हरिश्चंद्रगड ठरलाय, मेमध्ये ट्रेनने चंडीगड आणि पुढे मनाली. बायको म्हणते, ते खेळणं माळ्यावर टाका. प्रश्न असा: "ताई, कुठला एक अडॅप्टर घेऊ म्हणजे सगळं सगळ्याला बसेल? आणि मित्राला नाही म्हटलं तर तो वर्षभर मला भित्रा म्हणणार, त्याचं काय करू?"

तू ताई म्हटलंस तर मी अरे-तुरेच करते, चालेल ना. पत्र वाचून आधी हसायलाच आलं, कारण आमच्याही माळ्यावर एक डबा आहे ज्यात तीन अडॅप्टर, मूठभर वायसर आणि एक पितळी तुकडा आहे, जो नक्की कशाला लावायचा होता ते आता घरात कुणालाच आठवत नाही. तेव्हा तू एकटा नाहीस.

पण तुझा प्रश्नच मला थोडा खटकला. "सगळं सगळ्याला बसेल असा अडॅप्टर". तू धरून चाललायस की अडचण फक्त तोंडाची आहे, तोंड जुळलं की झालं. शेजारणीच्या कुकरचं झाकण आपल्या कुकरवर बसतं कधीकधी, म्हणून काय आपण त्यात डाळ लावतो का? अडॅप्टर फक्त तोंड जुळवून देतो. आतला गॅस कुठला, त्याचं प्रेशर किती, डबा उभा ठेवायचा की आडवा, ह्यातलं काहीही तो बदलत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते.

आधी तुझ्या हातात काय आहे ते नीट बघू. आट्यांचा स्टोव्ह म्हणजे तो बुटक्या, घुमटासारख्या डब्यावर फिरवून बसतो. हे आटे जगभर एकाच मापाचे असतात, म्हणून जर्मनीतला स्टोव्ह, कोरियातला डबा असं सहसा जमून जातं, डबे साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅम गॅसचे येतात. तुझ्या स्टोव्हला आटे आहेत म्हणतोस म्हणजे सुटलास, कारण युरोपात, विशेषतः फ्रान्सकडे, कॅम्पिंगाझ ह्या कंपनीचे डबे चालतात, ते आट्यांनी नाही तर खटकन दाबून बसतात आणि तसला स्टोव्ह असता तर इथे डबा शोधता शोधता वैतागला असतास. आणखी एक, ऑनलाइन लोक "ईएन ४१७ लिहिलंय का बघा, मग बसतो" असं ठोकून देतात. तो नंबर डब्याच्या युरोपियन स्टँडर्डचा आहे, आट्यांचा नाही. वेगवेगळ्या तोंडाचे डबे त्याच नंबराखाली येतात. तेव्हा नंबर वाचू नकोस, डब्याच्या टाळूवर आटे दिसतायत का ते डोळ्याने बघ.

आणि दुकानात मिळतो तो उंच डबा, २२० ग्रॅमच्या आसपासचा, तो मुळात टेबलावर ठेवायच्या चपट्या शेगडीसाठी बनवलेला आहे, ती केटरिंगवाल्यांकडे लाइव्ह काउंटरवर असते बघ. त्याच्या तोंडाशी एक पत्र्याची रिंग असते आणि रिंगला एक खाच असते. ही खाच म्हणजे ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि पाकिटावर ती चार मिलिमीटरच्या चित्रात दाखवलेली असते. आत एक छोटी वाकडी नळी असते, तिचं तोंड खाचेच्या बाजूला. डबा आडवा ठेवून खाच वर केली की नळीचं तोंड वरच्या मोकळ्या जागेत राहतं आणि तिथून वायू येतो. खाच खाली गेली की नळी द्रवात बुडते, आणि स्टोव्हला वायूऐवजी द्रव गॅसच मिळतो. मग काय होतं ते मी बघितलंय. काही वर्षांपूर्वी राजगडावर, पद्मावती माचीवर, आम्ही असाच अडॅप्टर लावला, डबा गवतावर आडवा टाकला, खाच कुठे आहे कुणी बघितलंच नाही. काडी लावली आणि निळ्या ज्योतीच्या जागी गुडघाभर उंच पिवळा जाळ उठला. माझी उजवी भुवई गेली. महिनाभर काजळाने रंगवून ऑफिसला जात होते. चूक माझीच, अडॅप्टर बिचारा व्यवस्थित बसला होता.

तर तुझे दोन अडॅप्टर. पहिला, बसतो पण हलतो, तो उंच डब्यावरून आट्यांवर यायचा आहे. हा प्रकार मुळात वाईट नाही. पण हलतो म्हणजे एकतर त्यातलं रबरी वायसर नाही, किंवा रिंगची पकड नीट लागत नाहीये. वायसर आहे का, काळं गोल, त्याला चीर पडलीय का बघ. वायसर बदलून, पकड पुन्हा नीट लावूनही हलत असेल तर दुरुस्त करत बसू नकोस, सरळ फेक. टेपने, एमसीलने काहीही चिकटवायचं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे जुगाड हा अभिमानाचा विषय आहे. चांगला अडॅप्टर पकडला की टक्क बसतो आणि डबा हलवला तरी त्याच्याबरोबर फिरतो. त्यावर स्वतःची बंद करायची चावी असेल तर उत्तम, बऱ्याच अडॅप्टरना ती नसते, म्हणजे अडॅप्टर डब्यावर बसला की गॅस लगेच स्टोव्हपर्यंत येऊन थांबतो. म्हणून क्रम लक्षात ठेव: स्टोव्हची चावी बंद, आधी स्टोव्ह अडॅप्टरला, मग सगळ्यात शेवटी डबा. काढताना आधी डबा. आणि हे सगळं उघड्यावर, शेकोटीपासून लांब, तोंडात सिगारेट नसताना.

पण जोडणी चांगली झाली तरी प्रश्न उरतोच. तुझा स्टोव्ह डब्याच्या डोक्यावर बसणारा आहे. बुटक्या डब्यावर तो ठीक उभा राहतो, पण उंच डबा उभा, त्यावर अडॅप्टर, त्यावर स्टोव्ह, त्यावर सहा जणांच्या चहाचं पातेलं, हा मनोरा कोकणकड्याच्या वाऱ्यात किती वेळ टिकेल? डबा आडवा करायचा तर स्टोव्ह आडवा होतो. म्हणजे हा अडॅप्टर खरा कामाचा आहे तो नळीवाल्या स्टोव्हला, ज्यात बर्नर जमिनीवर तीन पायांवर बसतो आणि डबा बाजूला आडवा पडून राहतो, खाच वर. तुझ्या स्टोव्हला तो चालेल फक्त एका मगाएवढ्या पाण्यासाठी, सपाट खडकावर, आणि एकाने शेजारी बसून राहायचं.

दुसऱ्या अडॅप्टरबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. तो कचऱ्यात.

घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. तुझ्या उंच डब्यात बहुतेक सगळं ब्युटेन असतं, आणि त्याचा पातळ पत्रा त्याच हिशेबाने बनवलेला असतो. ४० डिग्रीला, म्हणजे आपल्याकडच्या साध्या उन्हाळ्यात, प्रोपेनचं प्रेशर ब्युटेनच्या तिपटीहून जास्त असतं. मिश्रणाचं अर्थातच मधलं कुठेतरी, पण तो डबा त्या मधल्यासाठीही बनवलेला नाही. आट्यांच्या डब्यात थोडं प्रोपेन असतं हे खरं, पण ते कारखान्यात मोजून भरलेलं असतं. आणि भरण्याचं गणित वेगळंच. डबा कधीच गच्च भरायचा नसतो, वर जागा सोडावी लागते, कारण द्रव गॅस तापला की फुगतो, आणि जागाच नसली तर पत्रा फाटतो. तुझा मित्र ते कशावरून ठरवतो? हलवून? आवाजावरून? डबा एकदाच वापरायचा म्हणून बनवलेला असतो, त्याचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा दाबून भरण्यासाठी नाहीच. त्यातून घरगुती सिलिंडरमधून असा गॅस काढणं बेकायदेशीर आहे. गॅस सिलिंडरचे नियम बघणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तिथल्या माणसांनी हे नियम बसल्याबसल्या लिहिलेले नाहीत.

"दोन वर्षं भरतोय, काही होत नाही" ह्याला उत्तर एवढंच की दोन वर्षं झालं नाही एवढंच त्यातून कळतं.

आता कोणीतरी सुचवेल की मग स्टोव्ह थेट पाच किलोच्या टाकीलाच नळीने जोडू. तेही नको. घरच्या रेग्युलेटरमधून शेगडीला जे प्रेशर मिळतं ते बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम ३ टक्के जास्त असतं. ३० डिग्रीला ब्युटेनच्या डब्यात हे जास्तीचं प्रेशर त्याच्या साठेक पट असतं. तुझा छोटा स्टोव्ह त्या जोरासाठी बनवलाय, त्यामुळे रेग्युलेटरवर तो उदबत्तीसारखा जळेल, आणि रेग्युलेटर काढलास तर घरची रबरी नळी तो जोर झेलायला केलेली नाही. गाडीने पायथ्याच्या गावापर्यंत जाणार असाल आणि खरंच सहा-सात जणांचा स्वयंपाक करायचा असेल तर पाच किलोची छोटू टाकी रीतसर मिळते, त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर देतात. तिला तिचाच रेग्युलेटर, तिचीच शेगडी. पण ती गावातच ठेवायची, पाठीवर घेऊन गड चढायचा नाही, ५ किलो गॅस आणि वर टाकीचं लोखंड.

हिशेबाचं बोलू, कारण मला वाटतं तुझ्या मित्राची सगळी हौस पैसे वाचवण्याची आहे. एक लिटर पाणी उकळायला, वारा फार नसेल आणि वर झाकण असेल, तर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. सहा जणांचा तीन वेळचा चहा आणि एक वेळची मॅगी धरली तर पाणी ६-७ लिटर. म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. अख्ख्या ट्रेकला २२० ग्रॅमचा एक डबा निम्मा उरतो! रिफिल करून तुम्ही वाचवणार काय, तर डोक्यामागे एका वडापावचे पैसे. हे त्याला सांग. सेफ्टीवर भाषण दिलंस तर तो भित्रा म्हणेलच, हिशेब मांडलास तर काय म्हणणार? आणि ग्रुपवर नको सांगूस रे, ग्रुपवर सगळ्यांसमोर कुणी माघार घेत नाही, त्यालाही तोंड असतं. एकट्याला फोन कर. "डबे मी आणतो, तू चहा पावडर आणि पातेलं बघ" एवढंच. अशा माणसाला काम दिलं की तो बरा असतो. तरीही त्याने भरलेला डबा आणलाच तर तो गाडीतून वर न्यायचाच नाही, तिथे मात्र बोलावं लागेल, आणि खरं सांगते, एवढी जुनी मैत्री एका डब्यावरून तुटत नसते. आठ दिवस चिडवेल. चिडवू दे.

डिसेंबरातल्या हरिश्चंद्रगडासाठी माझं मत विचारलंस तर तुझा जर्मन स्टोव्ह घरी ठेव आणि उंच डब्यावर चालणारी ती साधी शेगडी किंवा नळीवाला स्टोव्ह घे. मुळात डबा जो सहज मिळतो त्याच्यासाठी बनवलेला स्टोव्ह घ्यायचा, स्टोव्ह हातात धरून डब्याच्या मागे धावायचं नाही. अडॅप्टर हा नाइलाज असतो. त्यात एक बारीक गोष्ट, ब्युटेन शून्य डिग्रीच्या जवळ आलं की वायू व्हायचं जवळपास थांबतं (खरं तर उणे अर्ध्या डिग्रीला). सह्याद्रीत गडावर थंडीत पहाटे पाच-सहा डिग्री झालं तरी चालतं पण मरगळलेलं, ज्योत बारीक होते, मग लोक डबा हलवतात, शेकतात. शेकायचा नाही! रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोप, सकाळी नीट चालेल. किंवा कोमट पाण्यात बसव, कोमट म्हणजे हात बुडवून बसता येईल एवढंच.

आणि वाऱ्याला आडोसा करताना डब्याला चारी बाजूंनी पत्रा किंवा दगड लावू नका, उष्णता खाली कोंडते आणि डबा तापतो, एक बाजू मोकळी पाहिजे आणि डब्याला हात लावून बघत राहायचं. हाताला चटका म्हणजे बंद. मोठा तवा डब्याच्या डोक्यावरच्या स्टोव्हवर ठेवला तरी तेच होतं. लेण्यांमध्ये आणि तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, काजळीने लेणी काळी होतात हे आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली, तुम्ही जिथे झोपणार तिथेच साचतो. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, डिसेंबरात गवत पार वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. म्हणून विचारते, सगळा स्वयंपाक वर कशाला? पाचनईतून चढणार असाल तर गावात आधी फोन करून ठेव, पिठलं-भाकरी-ठेचा मिळतो, गावाला चार पैसे मिळतात. वर फक्त चहा. चहाला कुणाची ना नाही.

मनालीचं वेगळं. तिथे तुझा जर्मन स्टोव्ह खरा कामाचा, कारण आट्यांच्या डब्यात सहसा आयसोब्युटेन आणि प्रोपेन असतं, एक उणे १२ च्या आसपास उकळतं, दुसरं उणे ४२ ला, त्यामुळे बर्फाजवळच्या पहाटेही ज्योत येते. पण आधी सांग, ट्रेकिंग कंपनीबरोबर चाललायस का? मग स्वयंपाकी त्यांचा, टाक्या त्यांच्या, तुझा स्टोव्ह नुसताच फिरून येईल. स्वतःचे स्वतः जाणार असाल तर मनालीतल्या गिअरच्या दुकानांना निघण्याआधी फोन करून आट्यांचे डबे आहेत का विचार, पैसे पाठवून ठेवून घ्यायला सांग. (पुढेमागे नेपाळला गेलास तर काठमांडूत थामेलमध्ये सहज मिळतात.) तीन हजार मीटरवर पाणी ९० डिग्रीलाच उकळतं हेही धरून चाल, तिथे डाळ-तांदूळ शिजवत बसलास तर डबा संपेल पण डाळ शिजणार नाही, रेडी टू ईट किंवा छोटा कुकर.

ट्रेनमध्ये डबा न्यायचा नाही. कपड्यात गुंडाळून नाही, बुटात नाही, "एकच तर आहे" म्हणून नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत पर्यटकांच्या रेल्वेच्या खाजगी कोचला आग लागली, लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहा करत होते, ९ माणसं गेली. तेही सगळे "काही होत नाही" म्हणणारेच असणार. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण मी तुला कैदेसाठी नाही सांगत. नुसता स्टोव्ह, पुसून, वास न येणारा, तोही नेण्याआधी रेल्वेकडे विचारून घे. विमानातही डबा चालत नाही, चेक-इनमध्ये सुद्धा नाही.

गडावर जायच्या आधीच्या रविवारी गच्चीवर एक काम कर. किचनमधल्या काट्यावर डबा मोज, लिहून ठेव. सगळं जोड, चावी बंद, सांध्यांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे येतात का बघ. तसंच तासभर ठेव, तिथेच बस, मोबाईल बघत बसलास तरी चालेल. मग डबा सोडवून पुन्हा मोज. जोडताना-काढताना एखादा ग्रॅम जातो, त्याहून जास्त घटला तर वास येवो न येवो, गळतंय. बायकोलाही दाखव, तिचा विरोध बहुतेक स्टोव्हला नाही, तुझ्या मित्राच्या आत्मविश्वासाला आहे.

उरलेला डबा उन्हात गाडीच्या डिकीत विसरू नका, त्यावर ५० डिग्रीच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं आणि आपल्या मेमधली बंद गाडी तिथवर सहज जाते. रिकामा झाला असं वाटलेला डबा शेकोटीत टाकायचा नाही, "बघू फुटतो का" म्हणणारा एक तरी ग्रुपमध्ये असतोच, तो तुमच्यात कोण आहे ते तुला माहितीये. खाली आणा.

आणि काडेपेटी न्या, प्लास्टिकच्या पिशवीत. स्टोव्हवरचं ते टकटक बटण ऐनवेळी दगा देतं. भाऊ पुढच्या खेपेला काय आणू विचारेल तेव्हा त्या स्टोव्हच्या मापाची दोन रबरी वायसर आण म्हणावं, पाकिटात बसतात आणि विमानात कुणी अडवत नाही.